शेक घ्यायचा तो हलण्यासाठी

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, वैद्यकाचा नाही. त्यामुळे औषध कुठलं घ्यावं हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण वेदना म्हणजे काय हा प्रश्न तत्त्वज्ञानातही फार जुना आहे. आणि त्याचं उत्तर चुकलं, तर ऑपरेशनमधून नीट बाहेर पडलेला माणूसही अंथरुणाला खिळतो. म्हणून आज शुक्रवार पेठेत हा विषय घेतला.

होतं काय, की हर्नियाचं, गुडघ्याचं, छातीचं ऑपरेशन होतं. टाके निघतात, जखम भरते, रिपोर्ट चांगले येतात. तरी तिथं आग होते, मुंग्या येतात, झटका बसल्यासारखी कळ जाते, नुसता कपडा घासला तरी नकोसं होतं. ही नसेची वेदना. ऑपरेशनमध्ये बारीक नसा कापल्या जातात, ताणल्या जातात, कधी व्रणात अडकतात. कापलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे १० सेंटिमीटरला १०० दिवस! तीन महिन्यांपुढे टिकणाऱ्या अशा वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा दिलेली आहे.

घरात मात्र दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘रिपोर्ट चांगला आहे, आता हे मनाचे खेळ.’ दुसरं, ‘हलू नका, परत काहीतरी होईल.’ दोन्ही तपासून बघू.

पहिलं वाक्य. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४४च्या ग्रंथात एका मुलीची हकिकत दिली आहे. तिचा हात सडत चालला होता, म्हणून तो कोपरापर्यंत कापावा लागला. तिला कळू नये म्हणून त्या जागी पट्ट्या बांधून ठेवल्या. आणि ती तक्रार करत राहिली, की कधी हे बोट दुखतंय, कधी ते. बोटं तर नव्हतीच! मग ती खोटं बोलत होती का? देकार्त म्हणतो, नाही. बोटांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसा वाटेत कुठंही हलल्या, तरी मनाला वेदना बोटातलीच वाटते. पुढे शास्त्र बरंच बदललं, पण हा मुद्दा टिकला. जखम नसली तरी वेदना खरी असते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा स्पष्ट नोंदवलं, की दुखतंय असं माणूस सांगतो, तेव्हा त्याचा मान राखावा.

आता दुसरं वाक्य, हलू नका. इथं यंत्रमागाची माहिती असलेले बरेच जण बसलेत. बाणा तुटला की माग आपोआप थांबतो, त्यासाठी मागाला एक यंत्रणा असते. समजा ती यंत्रणाच बिघडली. धागा धड, कापड धड, पण माग दर दोन मिनिटांनी थांबतोय. नवखा माणूस तुटलेला धागा शोधत बसतो. जाणकार थांबवणारी यंत्रणा बघतो. रेंगाळलेली नसेची वेदना पुष्कळदा अशी असते. इशारा खरा, पण धागा तुटलेला नसतो. आणि आपण माग बंदच ठेवला, तर? सांधा आखडतो, स्नायूंची ताकद जाते, आणि मेंदू शिकतो की हालचाल म्हणजे धोका. मग थोड्या हालचालीलाही तो मोठा इशारा देतो.

इथं शेक उपयोगी पडतो. दुखऱ्या जागेभोवतीचे स्नायू आवळून बसलेले असतात, उबेने ते सैल होतात. शिवाय १९६५मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असतं आणि स्पर्शासारख्या दुसऱ्या संवेदना आल्या की ते काहीसं मिटतं. लागलेल्या जागी आपण आपसूक हात चोळतो, तो त्यामुळेच. पण हा आराम तात्पुरता असतो. शेक नस दुरुस्त करत नाही. तो थोडा मोकळा वेळ मिळवून देतो, आणि तो वेळ हालचालीसाठी वापरायचा.

चरकसंहितेत सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय शेकावरच आहे. त्यात वाळलेल्या लाकडाचा दाखला येतो. तेल आणि ऊब दिली की तेसुद्धा वाकवता येतं. बघा, ऊब कशासाठी? वाकवण्यासाठी. शेक घेऊन पुन्हा ताठ पडून राहिलं, तर अर्धंच काम झालं.

मग करायचं कसं? जखम पूर्ण भरल्यावर आणि सर्जनना विचारूनच. गरम पाण्याची पिशवी टॉवेलच्या दुहेरी घडीत गुंडाळून पंधरा मिनिटं. टॉवेल सोलापुरातच शोधायला नको! पाणी उकळतं नको. साधारण ४३ अंशांना नसांमधली उष्णतेची वेदना जागवणारी दारं उघडतात, मिरचीनेही तीच उघडतात. त्यांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं. ऊब सुखद वाटली पाहिजे, सोसावी लागता कामा नये. शेक झाला की लगेच पाचेक मिनिटं सावकाश हालचाल, नाहीतर घरातल्या घरात चालणं. थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत निवळलं, तर ठीक. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं, तर निम्म्यावर या. बंद मात्र करू नका.

एक चिठ्ठी आली आहे. ‘मला मधुमेह आहे, शेक चालेल का?’ फार चांगला प्रश्न. चरकाच्या त्याच अध्यायात शेक कुणाला देऊ नये याची यादी आहे आणि मधुमेही त्यात आहेत. आजचं कारण साधं आहे. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, भाजलं तरी कळत नाही. ऑपरेशनच्या जागीही बधिरपणा असतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि बधिर जागेवर पिशवी ठेवून झोपणं तर कुणीच नको. काहींची आग शेकाने वाढते, त्यांनी हट्ट करू नये.

आणि काही इशारे खरेच असतात. ताप, व्रणातून पू, वाढती लाली, एका पोटरीला सूज, हातापायातली नवी कमजोरी, पाठीच्या ऑपरेशननंतर लघवी अडणं. तिथं शेक नाही, त्याच दिवशी दवाखाना. ऑपरेशन झालेला हात किंवा पाय सुजून रंग बदलत असेल आणि वेदना जखमेच्या मानाने फारच असेल, तरी लवकर दाखवा.

शेवटी घरच्या माणसांसाठी. आजारी माणसाला दिवसातून दहादा ‘दुखतंय का?’ विचारू नका. दुखतंय हे मान्य करा, शेकाची पिशवी भरून द्या, आणि मग विचारा, ‘चला, आज कुठपर्यंत जायचं?’