शेततळ्यात मत्स्यबीज सोडताना

शेततळे भरले की मत्स्यबीज आणून थेट ओतण्याची घाई पुष्कळ शेतकरी बांधव करतात. आठवडाभरात मेलेली बोटुकली काठाला लागते आणि दोष बीजाला दिला जातो. वास्तविक पिशवीतील व तळ्यातील पाण्याच्या उष्णतामानाचा फरक बोटुकलीस एकदम सोसत नाही. यास्तव बंद पिशवी १५ ते २० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी. नंतर तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घ्यावे व बोटुकलीस आपणहून बाहेर पडू द्यावे.

पुढे पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर ती भूक समजून खाद्य टाकू नये. ही चूक फार महाग पडते. रात्री पाणवनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट वापरतात. म्हणून पहाटे त्याची टंचाई होते. अशा वेळी खाद्य व शेणखत बंद करून विहिरीचे पाणी उंचावरून तळ्यात पाडावे.