वेळ कुणाला दिली?

आपण जगात कशासाठी आलो, खरे शहाणपण कशात आहे, हे प्रश्न फक्त आलिमांचे नाहीत. पडघ्यात मुंबई-नाशिक महामार्गालगत राहणाऱ्या, रात्रपाळी करून पहाटे घरी परतणाऱ्या तरुणालाही ते पडतात. पण विचार करायला वेळ कुठे आहे, असे म्हणून आपण ते बाजूला सारतो.

‘अस्र’ या अरबी शब्दाचे दोन अर्थ आहेत: काळ आणि दिवस कलण्याची वेळ. कुरआनची १०३ वी सूरह याच नावाची आहे. आयती अवघ्या तीन. आशय असा की माणूस तोट्यात आहे. वाचतात ते ईमान राखून नेक अमल करणारे, एकमेकांना सत्याची आणि सबुरीची आठवण देणारे. दुकानातला तोटा वहीत दिसतो. आयुष्यातला रोज होतो, तरी दिसत नाही.

शाफई मसलक मानणाऱ्या कोकणी मुसलमानांत माध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्याइतकी लांब झाली की अस्रची वेळ सुरू होते. हनफींमध्ये ती दुप्पट झाल्यावर. हिशेब वेगळा असला तरी दोन्हीकडे सावली एकच गोष्ट सांगते: दिवस सरत चालला आहे.

अस्तित्वाच्या प्रश्नावर आपल्याच कोकण किनाऱ्यावर सखोल चिंतन झाले आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी (रह.) यांचा काळ १३७२ ते १४३१. त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली. इब्ने अरबींच्या ‘वहदतुल वुजूद’ या विचाराचे, म्हणजे खरे अस्तित्व एकाच अल्लाहचे, बाकी सर्व त्याच्यामुळे, या मताचे ते जाणकार होते.

पण घराघरांत त्यांची आठवण निघते ती वेगळ्याच गोष्टीने. लहानपणी रात्री आईने पाणी मागितले. ते पाणी घेऊन आले तोवर आईचा डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये आणि जाग आल्यावर तिला थांबावे लागू नये, म्हणून ते प्याला हातात घेऊन पहाटेपर्यंत उभे राहिले, असे सांगतात.

या गोष्टीत इल्म आणि अखलाक वेगळे राहत नाहीत. ग्रंथ सर्वांना लिहिता येणार नाही. पण मगरिबनंतर मोबाइल बाजूला ठेवून अर्धा तास आई-वडिलांजवळ बसणे सर्वांना जमेल. रात्रपाळी असेल तर निघण्यापूर्वी बसा. आज ते घरी आहेत, हीच आपली मुदत समजा.