कागदाचा अग्निबाण

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि अग्निबाणाविषयीचे कुतूहल घरोघरी पोहोचले. अमेरिकेतील कित्येक शाळकरी मुले तळघरात आणि परसात स्वतःचे अग्निबाण बनवू लागली. धातूच्या नळीत घरी कालवलेले ज्वालाग्राही मिश्रण ठासावयाचे, वात पेटवावयाची आणि दूर पळावयाचे, अशी त्यांची रीत होती. मिश्रण अवेळी पेटले की नळी फुटे व तिच्या ठिकऱ्या चहूकडे उडत. अशा प्रयोगांत कोणाची बोटे गेली, कोणाची दृष्टी गेली. काहींना प्राणही गमवावे लागले. मुलांची जिज्ञासा खरी होती, तिला लाभलेले साधन मात्र घातक होते.

या संकटावरचा उपाय त्यापूर्वीच नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी सिद्ध झाला होता. तेथे ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे पादत्राणांचे दुकानदार राहत. शोभेच्या दारूकामाचा त्यांना छंद होता. त्यांचे बंधू रॉबर्ट हे विमानांच्या प्रतिकृती उडवीत आणि त्या विषयावर व्याख्याने देत. व्याख्यानात दाखविता येईल असे काहीतरी हवे, म्हणून १९५४ साली ऑर्व्हिल यांनी कागदी नळीचा एक हलका अग्निबाण तयार केला. त्याचे इंधन एका लहानशा, बदलता येणाऱ्या नळकांड्यात बंदिस्त होते आणि उड्डाणानंतर तो हवाई छत्रीच्या साहाय्याने अलगद खाली येई. १९५७ च्या प्रारंभी जी. हॅरी स्टाइन या अग्निबाणतज्ज्ञांनी हौशी प्रयोगांतील धोक्यांविषयी लिहिलेला लेख कार्लाइल यांच्या वाचनात आला. त्यांनी स्टाइन यांना पत्र लिहिले व आपले नमुने पाठविले. स्टाइन यांनी या नव्या छंदास चालना दिली. पुढे कोलोरॅडो राज्यात व्हर्नन एस्टेस यांनी १९५८ साली अशी नळकांडी आपोआप भरणारे यंत्र तयार केले. परिणामी सर्व नळकांडी सारख्याच प्रतीची आणि स्वस्त निघू लागली.

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : अग्निबाण बांधणाऱ्याने इंधन बनवू नये. ते काम कारखान्याचे. उरलेले सर्व शास्त्र मात्र मुलांच्या हाती सुखरूप राहते.

जुळणी

नवशिक्यांसाठी असलेल्या संचांत एस्टेस यांच्या कारखान्याचा ‘अल्फा’ हा संच प्रसिद्ध आहे. त्याची लांबी सुमारे ३१ सेंटिमीटर व नळीचा व्यास सुमारे २५ मिलिमीटर असतो. संचात कागदाची नळी, निमुळते टोक, बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडाचे तीन पंख, रबरी दोरी आणि पातळ हवाई छत्री असते. धातू वापरलाच तर तो इंजिन अडकविण्याच्या आकड्यापुरता.

प्रथम नळीच्या आत इंजिन धरून ठेवणारे कडे बसवितात. नंतर खुणा असलेली कागदी पट्टी नळीभोवती गुंडाळून पंखांच्या तीन जागा आखून घेतात. प्रत्येक दोन पंखांमध्ये १२० अंशांचे अंतर असले पाहिजे. पंख कापताना लाकडाचे रेषे पंखाच्या पुढील कडेला समांतर ठेवावे लागतात. ते आडवे गेले तर पंख जोराच्या वाऱ्याने मोडतो. कडा बारीक काचकागदाने घासून गोल करावयाच्या, सरस लावावयाचा आणि पंख नळीशी सरळ उभा धरून सरस घट्ट होईपर्यंत थांबावयाचे. येथे केलेली घाई आकाशात उघडी पडते. तिरका पंख अग्निबाणाला भिंगरीसारखा फिरवितो आणि त्याची उंची घटवितो.

तोल

अग्निबाण सरळ का जातो? वातकुक्कुटाचे शेपूट रुंद असल्यामुळे वारा ते मागे ढकलतो आणि त्याचे तोंड वाऱ्याकडे वळते. अग्निबाणाचे पंख हेच कार्य करतात. मात्र त्यासाठी एक अट आहे. ज्या बिंदूभोवती त्याचे वजन तोलले जाते तो गुरुत्वमध्य, आणि हवेचा दाब जेथे एकवटतो तो दाबमध्य. गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतक्या अंतरावर असावा लागतो. तसे नसेल तर अग्निबाण हवेत कोलांट्या घेतो.

याची परीक्षा जमिनीवरच करता येते. इंजिन व छत्री आत बसवून अग्निबाण जेथे तोलला जातो तेथे दोरा बांधावा आणि मोकळ्या जागी तो डोक्यावर गोल फिरवावा. टोक पुढे ठेवून तो फिरला तर उड्डाणास योग्य. उलटा वा आडवा फिरला तर टोकाचे वजन वाढविले पाहिजे.

उड्डाण

इंजिन म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७० मिलिमीटर लांबीचे कागदी नळकांडे. त्यावर ‘ए ८-३’ असा संकेत छापलेला असतो. ‘ए’ हे अक्षर एकूण आवेग दर्शविते. तो अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत असतो. ‘बी’ची मर्यादा याच्या दुप्पट आणि ‘सी’ची चौपट. ८ हा न्यूटनमधील सरासरी रेटा होय. इंधन एका सेकंदाच्या आतच जळून जाते. त्यानंतर ३ सेकंद अग्निबाण केवळ आपल्या वेगाने चढत राहतो, आणि मग एक छोटा स्फोटभार टोक ढकलून छत्री बाहेर काढतो. छत्री जळू नये म्हणून तिच्याखाली न पेटणारा कागद घातलेला असतो.

अग्निबाण सुमारे ९० सेंटिमीटर लांबीच्या उभ्या सळईवरून सुटतो. वात काडीने कधीही पेटवीत नाहीत. विजेच्या तारेने, निदान ५ मीटर अंतरावरून, उलटी गणती मोठ्याने म्हणून बटण दाबतात. ‘सी’ इंजिनासाठी मैदानाची लहान बाजूही सुमारे १२० मीटर असावी. वारा ताशी ३२ किलोमीटरांहून जोराचा असेल तर उड्डाण रद्द करावयाचे.

बटण दाबूनही अग्निबाण जागचा हलला नाही, तर खरी कसोटी लागते. काय झाले हे पाहण्यासाठी पाय आपोआप पुढे धावतात. परंतु नियम असा की प्रथम नियंत्रकाची किल्ली काढून घ्यावयाची आणि पूर्ण ६० सेकंद कोणीही जवळ जावयाचे नाही. या छंदातील सर्वांत मोलाचा धडा म्हणजे हे एक मिनिट.

अग्निबाण किती उंच गेला हेही मोजता येते. कोनमापकाला दोरा व वजन लटकवून साधे उपकरण बनते. निरीक्षक १०० मीटर दूर उभा असता शिखराचा कोन ४० अंश भरला, तर १०० ला ०.८३९ ने गुणून सुमारे ८४ मीटर उंची मिळते. तीत निरीक्षकाच्या डोळ्यांची उंची मिळवावयाची.

भारतात १८८४ चा स्फोटक पदार्थांविषयीचा कायदा परवान्याविना स्फोटके बनविण्यास मनाई करतो. त्यामुळे येथील विद्यार्थ्यानेही इंधनाच्या वाटेस जाऊ नये. संच हाती नसला तरी पुठ्ठ्याची नळी, तीन पंख आणि दोरा यांनी तोलाची परीक्षा वर्गात करता येते. कोनमापकाने शाळेच्या ध्वजस्तंभाची किंवा अंगणातील वृक्षाची उंची मोजता येते. काळजीपूर्वक बांधणे, आधी तपासणे, मोजून पाहणे आणि गरज असेल तेथे थांबणे, या चार गोष्टी ज्याला साधल्या, त्याने अग्निबाणाचे शास्त्र शिकण्यास प्रारंभ केला असे खुशाल समजावे.