कोकणच्या पावसातला कंपोस्टचा ढीग
(मातीचे आरोग्य : लेखांक सहावा)

मागील लेखांकात जांभ्या मातीची घडण पाहिली. त्या मातीला सेंद्रिय खताची निकड इतरांहून अधिक का भासते, हे आंजर्ल्यासारख्या दापोली तालुक्यातील किनारी गावात स्पष्ट दिसते. वर्षाचा 3,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे जेमतेम चार महिन्यांत कोसळतो आणि जमिनीतील चुना व पालाश विरघळवून जोग नदीच्या खाडीत नेऊन घालतो. मागे उरलेली लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरदाला जखडून ठेवतात. समुद्रालगतच्या आगरांत पुळणीची माती असल्याने तेथे पाणीच ठरत नाही. दोन्ही ठिकाणी उपाय एकच, तो म्हणजे ह्यूमस, अर्थात पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा काळसर, स्थिर अंश, जो लोह-ॲल्युमिनियमला स्वतःशी बांधून स्फुरद मोकळा ठेवतो आणि वाळूच्या कणांत ओल धरतो.

कंपोस्टच्या शास्त्रशुद्ध पद्धतीचा पाया अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूर येथे घातला व 1931 साली तो ग्रंथरूपाने मांडला. त्या पद्धतीत कोरड्या दिवसांत खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवरचा ढीग असा भेद केलेला आहे, आणि कोकणाला नेमका तोच महत्त्वाचा आहे. येथील उघड्या गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, आषाढात पाणी साचले की हवा संपते, हवेवाचून जगणारे जिवाणू बळावतात, शेणाला आंबूस दुर्गंधी येते आणि त्यातील नत्र पाण्याबरोबर झिरपून जाते. म्हणून ढीग उंचवट्यावर आणि झापांच्या छपराखाली असावा. हा खर्च वायफळ नव्हे, खताचा बराचसा गुण त्यातच राखला जातो.

जिवाणूंना एक भाग नत्रामागे सुमारे तीस भाग कर्ब लागतो, आणि या प्रमाणाला कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. आंजर्ल्याच्या आगरात माडाची झावळे, पोफळीच्या विऱ्या, आंब्याचा पातेरा असा कर्बाने भरलेला माल उदंड असतो, पण तो एकटा वर्षभर पडून राहतो. त्याला नत्राची जोड बांधावरच्या गिरिपुष्पाचा ओला पाला आणि शेणकाला देतात. तळाला जाड फाट्या, त्यावर कोयत्याने बोटभर तुकडे केलेल्या झावळांचा वीतभर थर, त्यावर चार बोटे गिरिपुष्प, मग शेणकाला व मूठमूठ माती, असे थर चार-पाच फुटांपर्यंत चढवावेत. नारळाची सोडणे मात्र ढिगात घालू नयेत, कारण त्यांतील काष्ठद्रव्य फार चिवट असते. ती चरांत पुरल्यास माडांना ओल पुरवतात. ओलीची परीक्षा हाताने होते : मूठ आवळल्यावर बोटांच्या फटीत पाण्याचा थेंब दिसावा, पण ओघळू नये.

चार-सहा दिवसांत ढिगाच्या गाभ्यात 55 ते 65 अंश सेल्सिअस उष्णता निर्माण होते. तीत तणांचे बी मरते, आणि राबाच्या चालत आलेल्या रीतीचा फेरविचार येथेच करावा लागतो. भाताच्या तरव्याच्या जागेवर कवळ, शेण व पातेरा पसरून पेटवण्यामागे तण मारण्याचा शेतकऱ्याचा हेतू रास्तच आहे, राखेतून थोडा पालाशही मिळतो. परंतु नत्र आणि कर्ब धुरावाटे निघून जातात, उरलेल्या राखेचा बराच अंश पहिल्या सरींत वाहतो, आणि ज्या ह्यूमससाठी ही माती भुकेली आहे तो तयारच होत नाही. हाच माल ढिगात रचला, तर त्यातील तणाचे बी उष्णतेने मरते आणि कर्बाचा काही हिस्सा जमिनीला मिळतो. त्यासाठी दर दोन-तीन आठवड्यांनी ढीग उलथून कडेचा माल गाभ्यात आणणे अनिवार्य आहे, कारण कडेला ती उष्णता पोहोचत नाही.

भाताची झोडणी उरकल्यावर, दिवाळीनंतर रचलेला ढीग शिमग्याच्या सुमारास निवतो. आतील माल हाती घेतला असता झावळीचे पाते ओळखू येत नसेल, तो गरम लागत नसेल आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येत असेल, तरच खत तयार झाले असे समजावे; कच्चे खत जमिनीत गेल्यास ते कुजवणारे जिवाणू पिकाच्याच वाट्याचे नत्र उचलतात. तयार खत मृगापर्यंत झापांखाली झाकून ठेवावे आणि पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर आळ्यात पसरून मातीआड करावे. ते माडाच्या खोडाला टेकवून टाकण्याची सवय मात्र सोडावी लागेल, कारण अन्न शोषणारी मुळे बुंध्याशी नसून त्यापासून चार-पाच फुटांच्या वर्तुळात पसरलेली असतात.