पाणी सुटलं का?

‘पाणी सुटलं का?’

सोसायटीत रोज सकाळी सात वाजता बाल्कनीतून बाल्कनीत फिरणारा हा प्रश्न. पण त्या शनिवारी तो विचारत होतो आम्ही बारा जण. अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात वल्हं, असा सगळा थाट करून कुंडलिका नदीच्या काठावर उभे. आणि समोर नदीच नाही! नुसते दगड, त्यांच्या मधून वाहणारी पाण्याची बारीकशी धार आणि त्या धारेत चोच मारणारा एक बगळा.

‘पैसे परत मिळतील ना रे?’ मागून कुणीतरी कुजबुजलं.

आधी मी इथे कशी पोचले ते सांगते. मी फ्रीलान्सर. मला ऑफिस नाही, त्यामुळे बॉस नाही आणि ऑफिसची पिकनिकही नाही. मैत्रिणीच्या टीमनं मार्च एंडिंगचा शीण घालवायला एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कोलाडला राफ्टिंगला जायचं ठरवलं होतं. एक जण ऐनवेळी गळाला आणि भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माझी वर्णी लागली. ‘तुला पोहता येतं ना?’ असा प्रश्न मैत्रिणीनं केला. मी ‘थोडंफार’ म्हणाले. आमच्याकडे ‘थोडंफार’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा असतो हे तिला माहीत होतं, तरी तिनं पुढे विचारलं नाही.

पुण्याहून कोलाड शंभरेक किलोमीटर. मुंबईकर पनवेल-पेण-वडखळ करत गोवा हायवेनं येतात, आपण पिरंगुट-पौड-मुळशी करत ताम्हिणी घाटानं उतरायचं. पहाटे पाचला गाडी निघाली. पहिला तासभर सगळे पेंगत होते. मुळशीच्या जलाशयाच्या कडेनं गाडी वळणं घ्यायला लागली, उजाडलं, तसे कॅमेरे निघाले. एप्रिलमुळे पाणी बरंच खाली गेलेलं. तांबूस काठ उघडे पडले होते.

‘ते बघ, आमचं शेत,’ टीममधला एक मुलगा म्हणाला आणि त्यानं सरळ पाण्याकडे बोट दाखवलं.

आम्ही हसलो. तो नाही हसला. तो मुळशी तालुक्यातलाच. त्याच्या पणजोबांची भाताची खाचरं या पाण्याखाली गेलेली आहेत. कुठे, ते त्यानं स्वतः पाहिलेलं नाही, पाहणार तरी कसं? पण घरातलं प्रत्येक माणूस इथून जाताना त्याच दिशेला हात करतं, म्हणून तोही करतो.

शाळेच्या इतिहासात सेनापती बापट हे नाव आपण सगळ्यांनी घोकलेलं असतं. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मिळाली ती या मुळशीच्या सत्याग्रहामुळे. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी धरण बांधायला घेतलं तेव्हा पन्नासएक गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ ला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय, जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हणून. आम्हा बारा जणांपैकी, मास कॉमची डिग्री घेतलेली मी धरून, हे कुणाला माहीत होतं म्हणता? एकालाच. ज्याचं शेत होतं त्याला.

घाट उतरून विळ्याला चहा झाला आणि पावणेआठला आम्ही वर सांगितलेल्या कोरड्या नदीवर हजर.

नदी येते

आमचा गाइड जवळच्याच गावचा. पंचविशीचा, उन्हानं रापलेला, बोलायला शांत. ‘दादा, पाणी कधी?’ या प्रश्नाला त्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग वर डोंगराकडे.

‘वरून सोडलं की येतंय. तोवर बसा सावलीला.’

या उत्तरामागची भानगड समजून घेण्यासारखी आहे. सह्याद्रीतल्या पश्चिमेकडच्या बहुतेक नद्या पावसाळ्यात फुगतात आणि दिवाळीनंतर हळूहळू आटतात. हृषीकेशला गंगेला बर्फाचं पाणी असतं, आपल्या नद्यांना ते भाग्य नाही. मग ऐन एप्रिलमध्ये कुंडलिकेत राफ्ट चालते कशी? तर मुळशीच्या पाण्यामुळे. घाटावरच्या जलाशयातलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं नेलंय, पुढे कड्यावरून मोठमोठ्या पाइपांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीज केंद्रावर आदळतं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. त्या पाण्यावर टर्बाइन फिरतात, वीज मुंबईकडे जाते, आणि काम झालेलं पाणी खालच्या बंधाऱ्यात साठतं. तिथून ते सकाळी कुंडलिकेत सोडलं की राफ्टवाल्यांचा दिवस सुरू होतो. सोडलं नाही तर सुट्टी.

म्हणजे गंमत बघा. मुळा नदीचं हे पाणी. धरण नसतं तर ते पुण्यात आलं असतं, मग भीमेत, मग कृष्णेत आणि शेवटी पार बंगालच्या उपसागरात. त्याऐवजी ते डोंगर पोखरून उलटं फिरतं, रोह्यावरून रेवदंड्याला जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. आम्ही घाटानं आलो, पाणी बोगद्यानं आलं, आणि भेट कुंडलिकेवर. हे पाणी पुण्याला मिळावं अशी मागणी अधूनमधून होत असतेच. आमच्या इमारतीत टँकर येतो त्या दिवशी माझाही त्या मागणीला पाठिंबा असतो.

साडेआठच्या सुमारास बगळा उडाला. मग आवाज आला. दूरवर कुणीतरी भलामोठा शॉवर सोडल्यासारखा. धार रुंदावली, गढूळ झाली, दगडांच्या मधल्या फटी भरल्या, पालापाचोळा आणि एक प्लास्टिकची बाटली नाचत पुढे गेली. आणि वीसएक मिनिटांत, खरं सांगते, समोर नदी होती. मघाशी ज्या दगडावर बसून आम्ही सेल्फी काढले तो दिसेनासा झाला. इतका वेळ चाललेले पीजे आपोआप बंद पडले.

‘पाय वर, ताई!’

उतरण्याआधी अर्धा तास सूचना. विमानातल्या हवाई सुंदरीचं आपण जितकं ऐकतो तितकंच मी ऐकलं, आणि पुढच्या तासाभरात त्याची शिक्षा भोगली. म्हणून इथे नीट लिहिते.

राफ्ट म्हणजे जाड रबरी कापडाची हवा भरलेली होडी. कडेच्या फुगीर नळीवर बसायचं (आत नाही!), पाय मधल्या आडव्या नळीखाली घट्ट खोवायचा. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी ‘टी’सारखी मूठ असते. ती हातातून सोडायची नाही. सुटली की ती शेजाऱ्याच्या दातांवर जाते. गाइड मागे बसून दिशा सांभाळतो आणि ओरडतो : फॉरवर्ड, बॅक, स्टॉप. ‘गेट डाउन’ म्हटलं की कुठलाही विचार न करता आत बसायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं : पडलात तर पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. उताणं व्हायचं, पाय वर, पावलं प्रवाहाच्या दिशेला. कारण वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाय तळाच्या दगडांत अडकतो आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे लोटतं. मग कमरेइतक्या पाण्यातही माणूस बुडू शकतो.

रॅपिड्सना एक ते सहा असे ग्रेड असतात. कुंडलिकेवरचे दोन-तीनचे. ‘म्हणजे फार काही नाही,’ असं टीम लीडरनं गाडीत नेटवर वाचून जाहीर केलं होतं. पहिल्या रॅपिडला राफ्टचं नाक खाली गेलं, समोर तपकिरी भिंत उभी राहिली आणि ती आमच्या अंगावर फुटली, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला. ऑफिसात एकमेकांना ईमेलनंच बोलणारी ही माणसं, पण तिसऱ्या रॅपिडपर्यंत सहा वल्ही एका तालात पडायला लागली. न पडून सांगता कुणाला? एक जण थांबला की राफ्ट गरकन आडवी.

मी चौथ्या रॅपिडला पडले. कारण? पाय खोवलेला सोडून मी शेजारणीचं हेल्मेट सरळ करत होते. एक धक्का, आणि मी पाण्यात. कानात पाणी, नाकात पाणी, वर-खाली कळेना. आणि पहिली गोष्ट मी काय केली असेल? उभं राहायचा प्रयत्न. जी गोष्ट करू नका म्हणून दहा वेळा सांगितलं होतं, नेमकी तीच. उजवा गुडघा दगडावर आपटला.

‘पाय वर, ताई! पाय वर!’

इतका वेळ मी ‘मॅडम’ होते, त्या क्षणी ‘ताई’ झाले. मी पाय वर केले. जॅकेटनं मला उचलून धरलं, आकाश दिसलं, आणि कुणाचा तरी हात माझ्या जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यात गुंतला. मुळशीवाला. त्यानं गुडघे राफ्टच्या कडेला टेकवले आणि मागे झोकून देत मला पोत्यासारखं आत ओढलं. सगळं मिळून अर्धं मिनिट. मला विचाराल तर अर्धा तास.

‘हेल्मेट तिचं होतं, तिला बघू दे,’ गाइड एवढंच बोलला.

मग नदी शांत झाली. दोन्ही काठांना झाडी, वर एक खंड्या, पाणी बर्फासारखं गार. गाइडनं सगळ्यांना दोरी धरून पाण्यात उतरायची परवानगी दिली. मी आधी नाही म्हटलं. मग उतरले. उताणी पडून, पाय वर, न सांगता!

एकूण बारा-तेरा किलोमीटरचा पट्टा, दीड-दोन तास लागतात. गाइडशी गप्पा त्या शांत टप्प्यातल्या. सुरुवातीला तो हृषीकेशहून आलेल्या मुलांच्या हाताखाली शिकला. आधी नुसत्या राफ्ट उचलायचा, नंतर मागे बसायला लागला. लहानपणी या नदीत पोहायला आई सोडायची नाही, म्हणाला, पाणी कधी येईल नेम नाही म्हणून. आता त्याच पाण्याची तो रोज वाट बघतो. पावसाळ्यात नदी फार फुगली की धंदा बंद, पाणी सुटलं नाही तरी बंद. ‘तुमचं बरं,’ तो म्हणाला, ‘तुमच्या ऑफिसात लाइट गेली तरी पगार येतो.’ मी फ्रीलान्सर असल्याचं त्याला सांगितलं नाही.

दुपारचं जेवण मात्र झकास. तांदळाची भाकरी, चिकनचा झणझणीत रस्सा, सोलकढी. नंतर पॅकेजमधल्या ‘अ‍ॅडव्हेंचर अ‍ॅक्टिव्हिटीज’ : झिपलाइन, बर्मा ब्रिज, दोरांची जाळी. झिपलाइनला मजा आली, पण सकाळच्या नदीनंतर ती जत्रेतल्या पाळण्यासारखी वाटली. शिवाय कडी लावणाऱ्या मुलाचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये होतं. मी त्याला कडी पुन्हा तपासायला लावली. त्याचं तोंड वाकडं झालं, झालं तर झालं. ज्याच्या भरवशावर आपण तारेला लोंबकळणार, त्याला एक प्रश्न विचारायला लाजायचं कशाला? महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. बुकिंग करताना मेनूत पनीर आहे का, हे आपण विचारतो. त्याच फोनवर नोंदणी आहे का, राफ्टबरोबर सुटका करणारी कयाक असते का, आणि पाणी सुटलं नाही तर पैशांचं काय, हेही विचारून घ्या. जॅकेट सैल असेल तर बदलून मागा. माझं मी बदलून घेतलं होतं. त्या दिवशी केलेलं एकमेव शहाणपण. आणि हृदयाचा, पाठीचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर काठावरून फोटो काढा, तेही काम कुणीतरी करायला हवंच.

परतीला ताम्हिणीत अंधार पडायला आला. सगळे पुन्हा पेंगत होते. माझा गुडघा टम्म सुजलेला. जलाशयाच्या कडेला चहाला गाडी थांबली तेव्हा मुळशीवाला जरा बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. आजीचा फोन.

‘काय म्हणतात आजी?’ मी विचारलं.

‘काही नाही. त्यात उतरलो होतो म्हटलं, तर विचारतेय, गार होतं का पाणी.’

‘मग काय सांगितलंस?’

‘सांगितलं, खूप गार होतं.’