जुगाराचा नाद : गुन्हा की आजार?



एके काळी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागत असे. १९६२ च्या सुमारास मटका आला आणि आकड्याचे वेड खेड्यापाड्यांत पोचले. आता पैसे लावायला अड्डाही लागत नाही. मोबाइल खिशातच असतो.

मुंबईचा १८८७ चा जुगारबंदी कायदा अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही गुन्हेगार धरतो. मग घरचे लोक अब्रूपायी गोष्ट झाकतात आणि आत कर्ज वाढत जाते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या रोगसूचीत जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे पाऊल योग्यच पडले.

मात्र नुसत्या बंदीने नाद सुटत नाही, त्याला उपचार हवा. मत मागायला येणाऱ्याला विचारा, "आमच्या आरोग्य केंद्रात यावर सल्ला कधी मिळणार?"

तोवर घरात कोणी अडकला असेल तर मारझोड करू नका. पैशांचा व्यवहार जाणत्या माणसाच्या हाती द्या आणि सरकारच्या 'टेलिमानस' सेवेला १४४१६ वर फोन करा. सल्ला फुकट मिळतो. आजार लपवला की वाढतो, हे तुम्हाला का सांगायला हवे?