क्लाऊड अनेक, धंदा एक : जोडणीचा कारभार कसा सांभाळावा?

बाजारात ‘क्लाऊड’ हा शब्द आता सर्रास ऐकू येतो. बिलाचे सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो, हिशेब क्लाऊडवर राहील, काळजी नको. कॅमेरे बसवणाराही तेच सांगतो. पण तो हिशेब कोणाच्या घरी राहतो, तेथवर कोणत्या वाटेने जातो आणि वाट अडली तर दुकान कसे चालवायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी या वाटेचीच माहिती आम्ही येथे देत आहोत.

क्लाऊड म्हणजे आकाशातील वस्तू नव्हे, ती इमारत असते. नवीन पनवेलकरांना ती पाहायला दूर जावे लागत नाही. पनवेलजवळच हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत ‘योट्टा’ कंपनीचे ‘एनएम-१’ हे डेटा सेंटर २०२० च्या जुलैत सुरू झाले. संगणकांची ७,२०० कपाटे मावतील एवढे ते मोठे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये भारतात आपापली केंद्रे उघडली व त्यासाठी तिघांनीही मुंबईची निवड केली. अशा इमारतीतील थोडी जागा आपण भाड्याने घेतो, जसा गाळा घ्यावा तशी.

आता समजा, एका बांधवाचे नवीन पनवेलमध्ये फर्निचरचे दुकान आहे, तळोजा एमआयडीसीत कारखाना आहे आणि कळंबोलीला गोदाम. बिले एका कंपनीच्या क्लाऊडवर, पलंग-कपाटांची डिझाइने दुसरीकडे, टपाल तिसरीकडे, कॅमेऱ्याचे चित्रण चौथीकडे. या गृहस्थाला कोणी विचारले तर तो म्हणेल, आमचा छोटा धंदा. पण मोठ्या कंपन्या ज्याला ‘मल्टी-क्लाऊड’ म्हणतात तोच प्रकार त्याच्या दुकानात शिरलेला आहे. फरक एवढाच की बँकेकडे त्यासाठी माणसे असतात, येथे मात्र पुतण्या किंवा कॅमेरेवाला हाच जाणकार.

पहिली अडचण पत्त्यांची. नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो, तोच त्याचा पत्ता. बाजारात मिळणारे पुष्कळसे राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा ठरीव पत्ता घेऊन येतात. दुकानात एक आणि गोदामात एक असे दोन राउटर वेगवेगळे चालतात तोवर काही बिघडत नाही. पण दोन्ही जागा खाजगी वाहिनीने, म्हणजे व्हीपीएनने, जोडायला गेलो की घोटाळा होतो. दोन इमारतींत गाळा क्रमांक पाचच असावा आणि हमालाला नुसते “पाचमध्ये माल टाक” म्हणून सांगावे, तशी गत होते. मोठ्या कंपन्या क्लाऊड जोडताना याच खड्ड्यात पडतात व नंतर शेकडो यंत्रांचे पत्ते बदलत बसतात. आपण सुरुवातीलाच दुकानाला १०, कारखान्याला २०, गोदामाला ३० अशी मालिका लावून घ्यावी. तंत्रज्ञाला तेवढे सांगितले की पुरते, वेगळा खर्च नाही.

दुसरी अडचण वाटेची, आणि या बाबतीत मोठेमोठेही फसले आहेत. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईमध्ये, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी सौदे थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. त्या दिवशी वेळ वाढवून पाचपर्यंत बाजार चालवावा लागला. एनएसईकडे एकाच कंपनीची वाहिनी होती असे नाही. दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या होत्या. तरी दोन्ही अडल्या. वाटेवरील खोदकाम व बांधकाम हे त्याचे कारण बाजाराने नंतर दिले. वाहिन्या गेल्यावर माहिती साठवणारी यंत्रणाही अपेक्षेप्रमाणे वागली नाही. शेजारचा बीएसई बाजार त्या वेळी चालू होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

दोन कंपन्यांना पैसे दिले म्हणजे दोन वाटा झाल्या असे नव्हे. दोन्ही तारा एकाच चरातून किंवा एकाच खांबावरून आल्या तर एका कुदळीत दोन्ही जातात. सिडकोच्या वसाहतीत रस्ता, गटार, गॅस यांचे खोदकाम काय असते ते वाचकांना सांगायला नको. म्हणून दुसरी वाहिनी घेताना कंपनीचे नाव विचारू नये, तार कुठून येते ते विचारावे. छोट्या दुकानाला दुसरी वाट म्हणून मोबाईलचे सिम लावता येणारा राउटर पुष्कळ झाला. तार तुटताच तो आपोआप सिमवर जातो. यूपीआयचे पैसे आले की नाही आणि ई-वे बिल निघाले की नाही, यावर टेम्पो दारात थांबून राहतो. त्या तासाभराच्या खोळंब्यापुढे सिमचा खर्च किरकोळ आहे.

आता ‘आपोआप’ या शब्दाकडे वळू. नेटवर्कचे स्वयंचलन म्हणजे सुताराचा फर्मा. एकदा फर्मा कापला की शंभर पाय सारखे निघतात, हात थकून वाकडे होत नाहीत. तसेच येथे यंत्रांचे पत्ते, कुलपे, परवानग्या एका मजकुरात लिहून ठेवतात आणि ‘टेराफॉर्म’, ‘अॅन्सिबल’ अशी सॉफ्टवेअरे तो मजकूर वाचून प्रत्येक क्लाऊडवर तशी मांडणी करतात. प्रत्येक क्लाऊड कंपनीचे पडदे वेगळे, शब्द वेगळे, कुलपे लावण्याची रीत वेगळी. माणसाने हे सर्व हाताने केले तर कुठे तरी एक दार उघडे राहतेच. फर्म्याचा उपयोग तो हाच. पण फर्माच चुकला तर शंभरच्या शंभर पाय चुकतात, आणि तेही एका मिनिटात.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीवर असाच प्रसंग आला. त्याचे सहा लाखांहून अधिक सभासद. गुगलच्या माणसांनी पूर्वी एका साधनाने त्याची मांडणी केली तेव्हा एक रकाना रिकामा राहिला. रिकाम्या रकान्याचा अर्थ साधनाने ‘मुदत एक वर्ष’ असा घेतला आणि वर्ष भरताच मांडणी आपोआप पुसून टाकली. एका केंद्रातली गेली, दुसऱ्या केंद्रातील जोडप्रतही गेली, कारण दोन्ही एकाच खात्याखाली होत्या. सभासदांना कित्येक दिवस आपले खाते पाहता आले नाही. निधीने आपल्या माहितीच्या प्रती दुसऱ्या एका कंपनीकडेही ठेवल्या होत्या, त्या उभारणीच्या कामी आल्या. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया केंद्रातही आपोआप चालणाऱ्या दोन कार्यक्रमांचे पाऊल एकमेकांवर पडले, पत्त्याची एक नोंद कोरी झाली आणि जगभरातील कित्येक सेवा बंद पडल्या.

आमचे मत विचाराल तर दोन-तीन जागांच्या धंद्याला टेराफॉर्मची गरज नाही. एक वही पुरे. कोणती सेवा कोणाकडे, खाते कोणाच्या मोबाईल क्रमांकावर, भाडे कधी भरायचे, राउटरचे पत्ते काय, एवढे त्यात असावे. यातील मोबाईल क्रमांकाची नोंद सर्वांत महत्त्वाची. खाते नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या क्रमांकावर असेल तर मालक आपल्याच दुकानाबाहेर उभा राहतो. मात्र दहा-बारा शाखा झाल्या, तर एकाच पडद्यावरून सर्व राउटर चालवणारी पद्धत घ्यावी. त्यातही बदल आधी एका शाखेत करावा, दोन दिवस पाहावा, मग इतरत्र न्यावा.

भाड्याचाही एक बारकावा आहे. मोठ्या क्लाऊडवर माहिती आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत. ठरावीक मर्यादेपुढे ती बाहेर काढताना पडतात. नाका फक्त बाहेर जाण्याच्या रस्त्यावर. २०२४ मध्ये गुगल, अमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकाला ही आकारणी माफ केली, पण रोजच्या ये-जावर ती आहेच. एका क्लाऊडवरून दुसऱ्यावर रोज मोठी प्रत पाठवणाऱ्याने महिन्याचे बिल नीट वाचावे.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. भाडे थकून क्लाऊडचे खाते बंद झाले तरी ही जबाबदारी व्यापाऱ्याचीच. दर महिन्याला बिलांची प्रत उतरवून वेगळ्या डिस्कवर ठेवावी, डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवावी, आणि अधूनमधून ती उघडून एखादे जुने बिल खरोखर दिसते का ते पाहावे.

राहता राहिला जुना राउटर. तो भंगारात देण्यापूर्वी त्याच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी. दुकानाच्या वाय-फायचा व व्हीपीएनचा संकेतशब्द त्यातच साठवलेला असतो.